रात्र कशी जाते?

ज्या व्याधीला आपण विस्मरणाची व्याधी म्हणून ओळखतो, तिची पहिली वर्दी घरातल्या माणसांना बहुधा विस्मरणाने मिळत नाही. कुंडलिका नदीच्या एका काठावरचे जुने जालना घ्या की दुसऱ्या काठावरचे नवीन जालना घ्या, ज्या घरात असे एखादे वृद्ध माणूस आहे त्या घरातली सून किंवा लेक जी कैफियत मांडते, तिच्यात नातवाचे नाव आठवत नाही ही तक्रार अगदी शेवटी आणि तीही विचारल्यावर येते. आधी येते ते हे, की आत्याबाई रात्री दोन वाजता उठून कपाट उपसतात, ‘माझ्या पाटल्या हिनेच नेल्या’ म्हणून शेजारणीला सांगतात, दोन घास खाऊन तासही उलटला नाही तोच ‘मला सकाळपासून उपाशी ठेवलंय’ असा पुकारा करतात, आणि ज्या घरात सारा संसार केला त्याच घराच्या दारात पिशवी घेऊन ‘मला घरी जायचंय’ म्हणून हट्ट धरतात. विसरणे घराला सोसवते. म्हातारपणी विसर पडायचाच, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. घर मोडते ते आरोपाने, संशयाने, जागरणाने आणि ओरडण्याने. त्या वेळी मात्र शेजारपाजार ‘म्हातारीला चळ लागला’ असे म्हणून मोकळा होतो, आणि जे वैद्याला सांगायला हवे होते ते घराची अब्रू म्हणून चार भिंतींत झाकले जाते.

या व्याधीच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभही असाच झाला होता. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली, आणि डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या आजाराचा जो वृत्तान्त १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे आपल्या समव्यावसायिकांपुढे ठेवला, त्यात आजाराच्या अगदी पहिल्या लक्षणांपैकी म्हणून नोंदले गेले ते नवऱ्याविषयीच्या तीव्र मत्सराचे लक्षण होते. स्मरणशक्तीचा ऱ्हास त्यानंतर आला. वस्तू इकडेतिकडे नेऊन लपविणे, आपल्याला कोणी ठार मारणार आहे या भयाने किंचाळणे, हे त्याच्याबरोबर आले. पुढे १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले. त्यानंतर जवळजवळ सारे शतक वैद्यकाची दृष्टी मेंदूतल्या गाठींवर आणि स्मृतीच्या मोजमापावर अशी खिळून राहिली, की या वर्तनलक्षणांना एका छत्राखाली आणून एक सर्वमान्य नाव देण्यासाठी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय सभा भरायला १९९६ साल उजाडावे लागले. मत्सर आणि भय ही जणू मूळ व्याधीला चिकटलेली धूळ होती, अशा रीतीने त्यांना बाजूला सारण्यात आले. आणि ज्यांच्या अंगावर ती धूळ रोज उडत होती, त्या घरच्या माणसांची साक्ष काढण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

या लक्षणांचा पसारा मोठा आहे. खोट्या समजुती, भास, क्षोभ किंवा मारहाण, उदासी, चिंता, अकारण उल्हास, निरिच्छता, लाजलज्जेचा बंध सुटणे, चिडखोरपणा, उगाच येरझारा घालणे किंवा तेच ते करीत राहणे, झोपेचा आणि भुकेचा बिघाड, अशा बारा सदरांखाली जेफ्री कमिंग्ज यांच्या प्रश्नावलीने त्यांची मांडणी केली. ही प्रश्नावली मुळात १९९४ मध्ये दहा सदरांची होती, झोप आणि भूक यांची सदरे मागाहून आली. प्रत्येक लक्षण किती वेळा घडते आणि किती तीव्रतेने घडते हे विचारून त्यांचा गुणाकार करावयाचा, आणि त्याच्या शेजारी स्वतंत्र स्तंभात, त्या लक्षणाने सांभाळणाऱ्या माणसाला किती त्रास होतो हे शून्य ते पाच या मापाने लिहावयाचे, अशी तिची रचना आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातील कॅश परगण्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी ९७ टक्के माणसांत यातले निदान एक लक्षण कधी ना कधी आढळले. म्हणजे ही लक्षणे व्याधीचा अपवाद नसून तिचा नित्यक्रम आहेत.

आता आपल्याकडे वळू. भारतातील साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. २०११ च्या खानेसुमारीत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांच्या घरात होती; दहांतला एक माणूस साठीपुढचा धरला, तरी केवळ त्या जुन्या आकड्यावरूनही चौदा हजारांच्या आसपास माणसे या जिल्ह्यात या अवस्थेत असली पाहिजेत. ती कोठे आहेत? दवाखान्याच्या दफ्तरात ती नाहीत. मागच्या खोलीत आहेत, ओसरीवर आहेत, मळ्यातल्या आखाड्यावर आहेत.

आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी चार प्रश्न आहेत; तोल जातो का, अपंगत्व आहे का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का. उदासीविषयी दोन प्रश्न सर्वांसाठी आहेत. सरकारने वृद्धांच्या स्मृतीची एवढी दखल घेतली याबद्दल मला मनापासून समाधान वाटते. परंतु रात्री हे माणूस झोपते का, कोणावर चोरीचा आळ घेते का, नसलेली माणसे त्याला दिसतात का, ते एकाएकी गप्प झाले आहे का, याचा एक शब्दही त्या कागदावर नाही. आणि हे प्रश्न त्या माणसाला न विचारता त्याच्या उशाशी जागणाऱ्याला विचारले पाहिजेत, ही तजवीज तर मुळीच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की स्मृतिभ्रंशाची शंका ज्या घरात एकदा निर्माण झाली, त्या घरात नियमाने आणि ठरावीक मुदतीने विचारण्याचा पहिला प्रश्न ‘आज कोणती तारीख?’ हा असता कामा नये. तो ‘रात्र कशी जाते?’ हा असला पाहिजे.

तारखेचा प्रश्न आपल्या मुलखात मुळातच लंगडा आहे. या जिल्ह्यातल्या आज नव्वदीकडे झुकलेल्या ज्या पिढीने शाळेचे तोंड पाहिले, तिच्यातल्या अनेकांची पहिली अक्षरे निजामाच्या अमलात उर्दूत गिरवली गेली, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर मुलूख भारतात आला तेव्हा त्यांना दुसऱ्या लिपीशी जमवून घ्यावे लागले. तिच्यातल्या बहुसंख्य स्त्रियांनी तर शाळाच पाहिली नाही. त्यांचा काळ इंग्रजी तारखांनी कधी मोजला गेलाच नाही. तो आषाढी, पोळा, आठवडी बाजार आणि पेरणी यांनी मोजला गेला. अशा आजीला सन विचारून ती अडखळली, तर त्या अडखळण्याला तिचे निरक्षर बालपण कारण की तिचा मेंदू कारण, हे परीक्षकाला ठरविता येत नाही. हरियाणातल्या बल्लभगडला संशोधकांना निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी स्मृतिचाचणी घडवावी लागली ती याच अडचणीमुळे. वर्तनाच्या प्रश्नाला मात्र अक्षरओळख लागत नाही. पूर्वी ही बाई अशी होती का आणि आता अशी का झाली, हे सांगायला जवळचा साक्षीदार पुरतो.

याला एक भारदस्त आक्षेप आहे. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांचे जे निकष लिहिले, त्यांत निदान आणि उपचार यांची सोय हाताशी असली पाहिजे, ही अट ठळकपणे घातलेली आहे. आणि कोणतीही तक्रार नसलेल्या सर्व वृद्धांची स्मृती सरसकट तपासावी की नाही, याविषयी पुरेसा पुरावा नाही, असेच मत अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०२० मध्ये दिले. मांडव घालून, ध्वनिक्षेपकावर पुकारा करून शे-दोनशे म्हाताऱ्यांना रांगेत बसवावे, त्यांना उलटे अंक मोजायला लावावे आणि ‘तुम्हाला स्मृतिभ्रंश असू शकतो’ एवढी चिठ्ठी हातावर ठेवून घरी पाठवावे, हा प्रकार मला क्रूर वाटतो, आणि तो या आक्षेपापुढे टिकत नाही. पण ज्या माणसाची व्याधी घराला आधीच ठाऊक आहे, त्याच्या यातनांची चौकशी करणे ही निराळी गोष्ट आहे. मूळ व्याधी बरी करणारे औषध आजही नाही, हे खरे. तिच्यातून उठणाऱ्या क्षोभाचे कारण मात्र पुष्कळ वेळा अगदी साधे, शोधण्याजोगे आणि दूर करण्याजोगे असते, आणि ज्याला ते सांगता येत नाही त्याच्या वतीने ते दुसऱ्याने शोधावे लागते.

दुखणे हे त्यातले पहिले. गुडघ्यात, दाढेत किंवा कंबरेत ठणका आहे, हे शब्दांत मांडण्याची शक्ती गेलेले माणूस आंघोळीच्या वेळी हात उगारते, आणि आपण त्याला मारकुटे ठरवितो. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांतील ३५२ क्षुब्ध रुग्णांवरील एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक देण्यात आले, ज्यांतल्या बहुतेकांना साध्या पॅरासिटामोलपलीकडे काही लागले नाही, आणि त्या गटाचा क्षोभ सरासरीने १७ टक्क्यांनी उतरला. जे काम पॅरासिटामोलने होते त्यासाठी किती घरांत माणसाला दोराने खाटेला बांधले जात असेल, या विचाराने जीव कासावीस होतो. त्याखालोखाल बद्धकोष्ठ, लघवीचा दाह, कान बंद होणे आणि मोतीबिंदू. संध्याकाळच्या अंधुक उजेडात दोरीवरचा सदरा पाहून ‘तो माणूस आला’ म्हणून घाबरणाऱ्या आजीच्या डोळ्यांचे पडदे आधी पाहिले पाहिजेत. ज्या जालन्यात गणपती नेत्रालयासारखी संस्था उभी आहे आणि दूरदूरच्या गावांतून माणसे दृष्टीसाठी जेथे येतात, तेथे हे अवघड नसावे.

आणि मराठवाड्याचा उन्हाळा. वैशाखात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना ज्याला तहान लागल्याचे कळत नाही किंवा कळूनही मागता येत नाही, असे वृद्ध माणूस दोन दिवसांत बरळू लागते, कपडे ओढू लागते, जागच्या जागी ओळख विसरते. हा स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा नव्हे. हा शरीरातल्या तात्कालिक बिघाडाने मेंदूला पडलेला घेर आहे. तो तासादिवसांत येतो, पाणी, क्षार आणि तापावरचा इलाज मिळाला तर बहुधा उतरतो, आणि न मिळाला तर प्राण घेतो. ‘कधीपासून?’ या एका प्रश्नाने तो ओळखता येतो. महिन्यांनी वाढले असेल तर व्याधी, परवापासून असेल तर तातडी, एवढा भेद आशाताईला अर्ध्या तासात शिकविता येईल.

चौकशी न करता औषध देण्याचा परिणाम काय होतो, याचे उत्तर आकड्यांत मिळालेले आहे. मनोविकृतीवरची जी औषधे अशा रुग्णांना शांत करण्यासाठी सर्रास दिली जात, त्यांच्या वेष्टणावर मृत्यूचा धोका ठळक चौकटीत छापण्याचा हुकूम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये काढला, कारण सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांतले ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांतले २.६ टक्के रुग्ण दगावले होते. इंग्लंडमध्ये प्राध्यापक बॅनर्जी यांच्या २००९ च्या अहवालाने दाखविले, की तेथील १ लाख ८० हजार स्मृतिभ्रंश-रुग्णांना ही औषधे दिली जात होती, लाभ त्यांतल्या ३६ हजारांना होत होता, आणि दरवर्षी १८०० मृत्यू अधिक घडत होते. लेवी-पिंडांचा जो स्मृतिभ्रंश, ज्यात स्पष्ट, रंगीत, हालती माणसे आणि जनावरे दिसण्याचे भास लवकर सुरू होतात, त्याच्या रुग्णाला तर यातली काही औषधे एकदोन मात्रांतच लाकडासारखे ताठ करून टाकतात. म्हणून भास होतात का, कसले होतात, आणि रुग्ण त्यांना भितो की त्यांच्याकडे नुसते पाहत बसतो, हे औषधाआधी विचारणे हा सोपस्कार नाही, जिवाचा प्रश्न आहे. औषधाला स्थान आहे. जेथे मारहाण किंवा भय इतर कशानेच आवरत नाही तेथे अल्प मात्रेत, अल्प मुदतीसाठी, पुन्हा तपासण्याच्या बोलीवर ते द्यावेच लागते. पण मोंढ्यातल्या दुकानातून ‘झोपेची गोळी’ आणून ती रोज पाण्याबरोबर देत राहणे, आणि पंधरा दिवसांनी म्हातारा मोरीत पडून खुब्याचे हाड मोडले म्हणून घाटी रुग्णालयात न्यावा लागणे, ही जी साखळी आपल्या डोळ्यांदेखत घडते, तिचा पहिला दुवा न विचारलेला प्रश्न हाच असतो.

प्रश्नावली मात्र परदेशातून जशीच्या तशी आणून चालणार नाही. नवीन जालन्याने पाण्याची टंचाई पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली आहे, नळाला कित्येक दिवसांनी पाणी यावे आणि घाणेवाडीचा तलाव आटल्याची बातमी घराघरांत धडकी भरवावी, अशी वर्षे येथे येऊन गेली आहेत. येथली आजी मध्यरात्री उठून हंडे-घागरी भरू लागली, पेलाभर पाणी पदराआड लपवू लागली, तर ते ‘निरर्थक पुनरावृत्तीचे वर्तन’ म्हणून एका खणात टाकून देणारा परीक्षक तिच्या आयुष्याविषयी काहीच जाणत नाही. त्या कृतीत साठ वर्षांचा शहाणपणा आहे, फक्त वेळ चुकली आहे. देवघरापुढे बसून गेलेल्या नवऱ्याशी दोन शब्द बोलणारी बाई भ्रमिष्ट नव्हे. विठोबा स्वप्नात आला असे सांगणारा वारकरी तर नव्हेच नव्हे. बदल कधी झाला, आणि त्या बदलाने तिला किंवा इतरांना पीडा होते का, या दोन कसोट्यांवाचून येथे कोणतेही लक्षण लक्षण म्हणून नोंदवू नये.

सर्वांत नाजूक सदर आरोपाचे आहे. ‘सून जेवायला देत नाही’ हे वाक्य भाऊबंदांच्या कानी पडले की वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या स्त्रीची एका दिवसात बेअब्रू होते. हा व्याधीचा बोल आहे, हे अधिकाराने सांगणारे कोणी त्या घरात येणे हे त्या सुनेला मिळालेले न्यायाचे पहिले दान असेल. पण याची दुसरी बाजू मी तितक्याच निक्षून मांडतो. ‘माझी जमीन काढून घेतली’ असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचे बोलणे भ्रम म्हणून टिपण्याआधी सातबारा पाहिला पाहिजे, फेरफार कधी झाला आणि मुखत्यारनाम्यावर अंगठा कोणत्या अवस्थेत घेतला गेला हे पाहिले पाहिजे. स्मृती गेलेल्या माणसाची खरोखर लूट होऊ शकते, उपासमार होऊ शकते, आणि त्याची फिर्याद ‘चळ’ या सदराखाली निकालात काढणे यासारखे लुटणाऱ्याला सोयीचे दुसरे काही नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अशाच प्रसंगी हाताशी हवा.

आणि जे लक्षण सर्वांत अधिक आढळणाऱ्यांपैकी असून जवळजवळ कोणीच सांगत नाही, ते निरिच्छतेचे. जो माणूस बाजारभावावर तावातावाने बोलत असे, तो दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो, जेवण पुढे ठेवले तर जेवतो, न ठेवले तर मागत नाही. आणि घर म्हणते, ‘मामा आता अगदी शांत झालेत, कशातच मन राहिलं नाही.’ आपल्या संस्कृतीत उतारवयातील विरक्ती ही प्राप्तव्य गोष्ट मानली गेली असल्यामुळे हे मौन आपल्याला रोग वाटत नाही. याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधात त्यांनी विवेकातून येणाऱ्या वैराग्याची थोरवी सांगितली, पण तिसऱ्या दशकात म्हातारपणातल्या हालांचे जे निष्ठुर वर्णन केले आहे, त्याला त्यांनी वैराग्याचे नाव दिले नाही. हा विवेक आपल्यालाही करता आला पाहिजे. त्या गप्प बसण्याआड उपचाराने हटणारी उदासी असू शकते, आणि ती नसली तरी ज्याच्याशी कोणी बोलतच नाही असे माणूस अधिक वेगाने मिटत जाते.

साक्ष कोणाची घ्यायची? घरातला कर्ता पुरुष ओसरीवर बसून ‘तसं काही नाही, सगळं बरं आहे’ असे सांगतो. रात्री उठणारी बाई आत स्वयंपाकघरात असते. तिला एकटीला, सासऱ्या-दिरांच्या कानाआड विचारल्यावाचून, विशेषतः सासऱ्याच्या लज्जास्पद वर्तनाविषयी विचारल्यावाचून, खरी हकीकत हाती लागणार नाही. अंबड-घनसावंगीकडच्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर कर्ती माणसे ऊसतोडीला निघून जातात, तेव्हा मागे उरलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोंत एकाची स्मृती गेलेली आणि दुसऱ्याचे कान गेलेले असतात. तेथे शेजाऱ्याची जबानी घ्यावी लागेल. आणि कमिंग्ज यांच्या प्रश्नावलीतला तो शेवटचा स्तंभ, सांभाळणाऱ्याला किती त्रास होतो हा, आपल्याकडे पहिला असावा. ज्या बाईला आजवर कोणी ‘तुला झोप मिळते का?’ असे विचारले नाही, तिच्या उत्तरावर त्या वृद्धाचे उरलेले आयुष्य अवलंबून आहे.

हे सारे अशक्य कोटीतले नाही, याचा दाखला शेजारच्या गोव्याने दिला आहे. तेथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगात’ संस्थेमार्फत ८१ कुटुंबांवर केलेल्या प्रयोगात, स्थानिक वस्तीतूनच निवडून शिकविलेल्या गृहसल्लागार सहा महिने घरी येत राहिले, वर्तनाच्या अडचणींवर घरच्यांशी बोलत राहिले, गरज पडेल तेथे डॉक्टर बोलावीत राहिले. आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य निश्चितपणे सुधारले. रुग्णांच्या वर्तनातली सुधारणा दिसली, पण ती खात्रीने सांगण्याइतकी मोठी नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. मला त्या निष्कर्षाचे मोल यामुळे कमी वाटत नाही. कारण त्याच मुलखात काही वर्षे आधी केलेल्या चौकशीत ही अवस्था म्हणजे आजार आहे असेच लोकांना वाटत नसल्याचे दिसले होते. म्हातारपण किंवा घरच्यांची हेळसांड, एवढाच खुलासा मिळत होता.

जालन्यासाठी ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. खाटा हव्यातच, परंतु स्मृतिभ्रंशाच्या माणसाला अनोळखी वॉर्ड हे बहुधा औषध ठरत नाही, त्याचा इलाज त्याच्या घरी, त्याच्या खाटेजवळ करावा लागतो. म्हणून सीबॅकच्या त्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, की त्याच कागदाला एक पान जोडावे. त्यावर आधी सांभाळणाऱ्याची झोप, मग रुग्णाची झोप, आळ, भास, मारहाण, भटकणे आणि गप्प होणे, एवढीच सात सदरे असावीत. प्रत्येकापुढे ‘कधीपासून’ लिहावे. आणि तळाशी पुढच्या भेटीची तारीख घातल्याशिवाय ते पान पुरे झाले असे धरू नये. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्या आठवड्यात जाऊन दुखणे, पोट, लघवी, कान, डोळे आणि चालू गोळ्या पाहाव्यात. महिन्याने पुन्हा तेच पान, त्याच बाईला विचारून भरावे. रात्र सुधारली नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी, आणि तिथवर नेणे शक्य नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर आशाताईने त्या घरातूनच फोन लावून द्यावा. आशाताईंना या पानाचा आणि त्या दुसऱ्या फेरीचा स्वतंत्र मोबदला मिळाला पाहिजे. आजच त्यांच्या पिशवीत इतके कागद आहेत, की बिनमोबदल्याचा आणखी एक कागद उंबऱ्याबाहेर उभ्या-उभ्या भरला जाईल, आणि मग त्यावर जे लिहिले जाईल ते ओसरीवरच्या कर्त्या पुरुषाचे उत्तर असेल.